सुट्टीच्या नावाखाली मजुरी

विलिंग्डन किंवा वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडलेला विश्रामबागचा तरुण आज ऑस्ट्रेलियाच्या ‘काम व सुट्टी’ व्हिसाच्या अटी चाळत बसला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. २०२२ च्या व्यापार कराराने भारतीयांना वर्षाला १,००० जागा मिळाल्या. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, इंग्रजीचा पुरावा, खात्यात सुमारे ५,००० डॉलर; आणि हे सारे जमण्याआधी २५ डॉलर भरून सोडत! २०२४ च्या पहिल्याच सोडतीला दोन आठवड्यांत सुमारे ४०,००० अर्ज गेले. तासगावच्या द्राक्षबागेत राबणाऱ्याच्या मुलाने तीन लाख रुपये आणावेत कोठून?

दुसऱ्या वर्षाचा परवाना हवा, तर तिकडच्या ग्रामीण भागात तीन महिने शेतीसारखे ठराविक काम करावे लागते. (सुट्टी हा शब्द शोभेपुरताच.) ब्रिटिश तरुणाला मात्र वयोमर्यादा ३५, सोडत नाही, शिक्षणाची अट नाही, आणि जुलै २०२४ पासून या सक्तीच्या श्रमातूनही सूट. तीही व्यापार कराराचीच देणगी! मग आमच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी हजारावर समाधान का मानले? हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. आणि ज्यांचे नाव सोडतीत निघत नाही, त्यांचे २५ डॉलर तरी परत मिळावेत, एवढी मागणी दिल्लीने कॅनबेराकडे करावी.