अज्ञान कोण?

बँकेच्या मराठी फॉर्मात ‘मायनर’ला ‘अज्ञान’ म्हणतात. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या नावाने खाते उघडायचे असेल तर बापाने ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून सही करायची असते. ही सही करताना भलेभले बाप दचकतात. घरात हे त्यांना अधूनमधून ऐकवले जातच असते, पण छापील कागदावर ते प्रथमच भेटते.

हा शब्द आठवायचे कारण म्हणजे अमेरिकेतले ‘मायनर लीग क्रिकेट’. ही ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धा २०२१ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी तिच्यात २७ संघ उतरले. त्यातल्या एका संघाचे नाव ‘द फिलाडेल्फियन्स’. आता या नावात चिडण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. नावात काहीच नाही. चिडण्यासारखे आहे ते आमच्या शाखेत. आमच्या कॅशियरसाहेबांचा भाचा न्यू जर्सीत असतो आणि शनिवार-रविवार क्रिकेट खेळतो. तेवढ्या भांडवलावर साहेबांनी जाहीर करून टाकले आहे की, ‘‘अमेरिकेला क्रिकेट शिकवलं ते आपल्या पोरांनी! नाहीतर तिथे बॅट दाखवली तर विचारायचे, हे वल्हं कुठल्या होडीचं म्हणून!’’ आणि वर पुन्हा, ‘‘अजून मायनरच आहेत म्हणा बिचारे. शिकतील हळूहळू.’’

हे साहेब नोटा दोनदा मोजल्याशिवाय कोणाच्या हातावर ठेवत नाहीत. इतिहास मात्र न मोजताच वाटतात. आणि असे साहेब एकटे असते तर मी गप्प बसलो असतो. पण लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, जिथे जावे तिथे हाच सूर. जणू १९९० च्या सुमारास आपला एखादा सॉफ्टवेअरवाला विमानातून उतरला, त्याने लोणच्याच्या बरणीशेजारून बॅट बाहेर काढली आणि अमेरिकेत क्रिकेट सुरू झाले!

तर साहेब, पासबुक काढा आणि जुन्या नोंदी वाचा. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना इंग्लंड-ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला नाही. तो झाला १८४४ साली, न्यूयॉर्कमध्ये, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. कॅनडा २३ धावांनी जिंकला. पहिली कसोटी १८७७ सालची, म्हणजे त्यानंतर ३३ वर्षांनी. आपण पहिली कसोटी खेळलो १९३२ साली. तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत कोण कुठे बसते, हे युनियनच्या माणसाला तरी निराळे सांगायला नको.

आणि फिलाडेल्फिया? ते तर या खेळाचे अमेरिकेतले माहेर. फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबची स्थापना १८५४ची. शिवाय जर्मनटाउन, बेलमाँट, मेरियन असे एकापेक्षा एक तालेवार क्लब. ‘अमेरिकन क्रिकेटर’ नावाचे नियतकालिक तिथे १८७७ साली निघाले आणि ते १९२९ पर्यंत चालले. मराठीत पन्नास वर्षे चाललेली मासिके मोजायला एका हाताची बोटे पुरतात की नाही, ते बघा. १८९३ साली इंग्लंडचा दौरा आटोपून ऑस्ट्रेलियाचा संघ परतीच्या वाटेवर फिलाडेल्फियात थांबला. फिलाडेल्फियाच्या संघाने ५२५ धावा ठोकल्या आणि ऑस्ट्रेलियाला एक डाव ६८ धावांनी हरवले! ‘‘बोट लागली असेल त्यांना,’’ कॅशियरसाहेब म्हणाले. असेलही. पण १८९६ साली ते पुन्हा आले आणि पुन्हा एक सामना हरले. दर खेपेला बोटच लागत असेल तर त्यांनी पोहत यायला हवे होते.

याच शहरात बार्ट किंग नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म १८७३चा. आधी बेसबॉल खेळायचा. तिथली चेंडू हवेत वळवायची कला त्याने क्रिकेटमध्ये आणली. १८९७ साली फिलाडेल्फियन्स इंग्लंडला गेले, तेव्हा ससेक्सचा अख्खा डाव ४६ धावांत आटोपला. किंगच्या १३ धावांत ७ विकेट्स. त्यात पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडून परत गेलेले एक फलंदाज होते आपले रणजितसिंहजी. म्हणजे कोणी कोणाला शिकवले, याची पहिली पावती तिथेच फाटली आहे. १९०३ साली त्याने सरेविरुद्ध ९८ आणि नाबाद ११३ धावा काढल्या. १९०८ च्या दौऱ्यात ११.०१ च्या सरासरीने ८७ विकेट्स घेऊन इंग्लंडच्या त्या मोसमात तो सरासरीत पहिला आला. ही सरासरी पुढे १९५८ पर्यंत त्या देशात कोणाला मागे टाकता आली नाही.

त्याचा एक किस्सा सांगितला जातो. प्रतिस्पर्धी संघाचा कप्तान उशिरा आला आणि ‘मी वेळेवर असतो तर आमचे असे हाल झाले नसते’ असे काहीसे बोलून फलंदाजीला उभा राहिला. किंगने सगळे क्षेत्ररक्षक मैदानाबाहेर पाठवले. यष्टिरक्षकालाही. कप्तानाने हरकत घेतली. पंच म्हणाले, नियमात बसते. मग किंगने एकच माणूस परत बोलावला आणि यष्टींच्या मागे काही पावलांवर, जरा लेगच्या बाजूला उभा केला. ‘‘हा कशाला?’’ ‘‘चेंडू उचलून द्यायला.’’ पुढच्या चेंडूवर लेगस्टंप गेला आणि चेंडू गडगडत त्या माणसाच्या पायाशी जाऊन थांबला. (आमच्या बँकेतही असा एकच माणूस काऊंटरवर ठेवून बाकीचे सगळे बाहेर असतात. पण तो निराळा विषय.)

मग हे सगळे गेले कुठे? कारणे अनेक. बेसबॉलला रोलर फिरवलेली खेळपट्टी लागत नाही आणि तीन दिवसांची रजाही लागत नाही. यादवी युद्धानंतर तो खेळ देशभर झाला. पण खरा अपमान झाला १९०९ साली. लंडनला ‘इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स’ स्थापन झाली. सभासद इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. किंग आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये पहिला आला होता. पण अमेरिका साम्राज्यात नव्हती, त्यामुळे अर्ज करायची खिडकीच बंद! १९१२ साली किंग पुन्हा ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला आणि फिलाडेल्फिया दोन धावांनी जिंकले. पुढच्या वर्षी या संघाचे प्रथम दर्जाचे क्रिकेट संपले. कॉन्फरन्सने ‘इम्पीरियल’ हा शब्द काढून अमेरिकेला आत घेतले ते १९६५ साली. त्याच वर्षी बार्ट किंग वारला.

व्यवहार बंद पडलेल्या खात्याला आम्ही ‘निष्क्रिय’ म्हणतो. निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे. २०२१ साली जे झाले ते नवे खाते उघडणे नव्हते, शंभर वर्षांहून जुन्या खात्यात कोणीतरी पुन्हा पैसे भरले. भरणाऱ्यांत आपली पोरे बरीच आहेत, हे मला मान्य आहे, अभिमानही आहे. पण पैसे भरले म्हणून आजोबांचे नाव खोडून स्वतःचे घालता येत नाही. त्या संघाने ‘फिलाडेल्फियन्स’ हे नाव घेतले. म्हणजे त्यांना हे कळले आहे. कळले नाही ते इथे पंगतीत बसलेल्यांना.

आता त्या ‘बिचारे मायनर’बद्दल. २०२३ साली ‘मेजर लीग’ सुरू झाली. सहा संघ. मुंबई, चेन्नई, कोलकाता इथल्या आयपीएलवाल्या मालकांनी आपापली नावे न्यूयॉर्क, टेक्सस, लॉस एंजेलिसला चिकटवली. त्या सहांत फिलाडेल्फिया नाही! ऑस्ट्रेलियाला डावाने हरवणारे शहर अज्ञान आणि काल दुकान मांडलेले सज्ञान! सज्ञान ठरवायची कसोटी वय नसून मालकाची शिल्लक आहे, असे असेल तर तसे फॉर्मवर छापा. आम्ही शिक्के मारू.

आणि नोकरी सांभाळून खेळतात म्हणून हसता? बार्ट किंगलाही विम्याच्या धंद्यातली नोकरी होती. आपल्या मुंबईतले क्रिकेट कोणी वाढवले? अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शील्ड हे नोकरदारांचेच रणांगण. मालाडला वाढलेला सौरभ नेत्रावळकर ओरॅकल कंपनीत इंजिनिअर. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याने टाकली आणि अमेरिका विश्वचषकात जिंकली. त्या दिवशी पाकिस्तानला कोणी म्हटले नाही की समोरचा रजेवर आहे, मनाला लावून घेऊ नका.

हे सारे मी कॅशियरसाहेबांना एका जेवणाच्या सुट्टीत ऐकवले. शेवटी म्हणालो, ‘‘फिलाडेल्फियाजवळ हॅवरफर्ड कॉलेज आहे, तिथे क्रिकेटचं मोठं ग्रंथालय आहे. जुने कागद, जुनी पुस्तकं, सगळं ठेवलंय जपून. भाच्याला सांगा, एकदा जाऊन ये.’’

साहेब डबा बंद करत म्हणाले, ‘‘सांगतो. पण त्याला शनिवार-रविवारच मोकळा असतो हो, आणि तेव्हा मॅच असते.’’