मोडीतील एकच वेलांटी

मोडी ही घाईची लिपी, एवढेच आपण सांगत आलो. तिची अधिक बोलकी गोष्ट निराळी आहे: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा केला जात नसे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांना एकच वेलांटी. शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. आधी शिरोरेघ ओढायची आणि बोरूने अक्षरे तिला सलग टांगत जायचे. पेशवे दफ्तरातील हिशेब, वतनांचे निवाडे, लढायांच्या बातम्या याच लेखनात आहेत. वाचणारा संदर्भाने अर्थ लावी आणि राज्यकारभार अडत नसे. पोथ्यांसाठी बाळबोध होतीच.

विल्यम केरीच्या १८१० च्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. पुढे मात्र छापखान्यांनी बाळबोध उचलली आणि पोथीतले ऱ्हस्व-दीर्घ सर्वांच्याच गळ्यात आले.

छापील मजकुरात एकरूपता हवी, हे मान्य. परंतु बोलताना बहुधा ऐकूही न येणाऱ्या वेलांटीवरून मुलाची अक्कल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे घराणे, जोखण्याची आपली खोड मला असह्य वाटते. ती वेलांटी तरी कुठे अढळ आहे? १९६२ च्या नियमांनी ‘बुद्धि’ची ‘बुद्धी’ केली. ‘बुद्धिबळ’ मात्र ऱ्हस्वच राहिले.