पाहुणे, वऱ्हाड आणि वैशाखाचे ऊन

बदली वा नोकरीच्या निमित्ताने नुकतेच अकोल्यात किंवा अमरावतीत स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडची मंडळी येतात. आपण आपलेसे केलेले शहर त्यांना दाखवावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. मात्र पुण्याहून वा कोकणातून आलेल्या माणसाचे शरीर 45 अंशांच्या कोरड्या उन्हाला सरावलेले नसते, हे यजमानाने ध्यानात घ्यावे. तसा सराव होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. पाहुण्यांचा मुक्काम बहुधा चार दिवसांचाच असतो.

कोकणात माणूस घामाने भिजतो, म्हणून अंगातले पाणी जात असल्याचे त्याला दिसते. वऱ्हाडात घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे राहते आणि धोका लक्षातच येत नाही.

त्यातून ज्येष्ठ स्त्रियांची एक वेगळीच अडचण असते. बाहेर स्वच्छतागृहाची सोय होईल की नाही, या काळजीने त्या सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात आणि संकोचापोटी तसे सांगतही नाहीत. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावलेली असते. म्हणून बेत आखतानाच वाटेत सोय कोठे आहे, हे पाहून ठेवावे आणि आजींनी विचारण्याआधी त्यांना सांगावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी परस्पर बंद करू नये.

अमरावतीत अंबादेवी व एकवीरादेवीचे, अकोल्यात राजराजेश्वराचे दर्शन सकाळीच उरकावे. मधुमेही पाहुण्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना त्यांना चटका जाणवत नाही, आणि फोड दिसतो तो रात्री. त्यांना जाड सुती मोजे घालण्यास सांगावे व घरी आल्यावर तळपाय पाहावेत. वडाळी तलावासाठी संध्याकाळ राखून ठेवावी. बाळापूरचा किल्ला व मिर्झाराजे जयसिंगांची छत्री भल्या सकाळी पाहावी. नरनाळ्याची चढण हिवाळ्यासाठी सोडावी.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर असल्याने हवा सुखद असते, पण तेथील ऊन सौम्य नसते. टोपी व पाणी तेथेही हवेच. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी भरपेट खाऊन निघू नये. मेळघाटात मुक्काम केल्यास मच्छरदाणी वापरावी आणि परतल्यानंतर काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी व कूपनलिकांचे पाणी खारट असते. तिकडे जाताना पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

दुपारी अकरा ते पाच हा वेळ घराचा. कूलर, कैरीचे पन्हे, ताक, पत्त्यांचा डाव. कूलरमधील पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी. डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. तो खुशाल ठेवावा, पण त्याच्या भरवशावर डोक्याचा रुमाल व पाण्याची बाटली विसरू नये. बंद गाडीत मुलाला दोन मिनिटेही एकटे ठेवू नये.

डोकेदुखी, मळमळ, पेटके सुरू झाले की सावलीत बसवून जलसंजीवनी द्यावी : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला वा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा तापाची गोळी उपयोगी पडत नाही. 108 क्रमांकावर फोन करावा, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

शहर एका सुट्टीत पाहून संपवण्याचा आग्रह धरू नये. राहिलेले पाहण्यासाठी पाहुण्यांना दिवाळीचे आमंत्रण द्यावे. त्या दिवसांत वऱ्हाडाची हवाही पाहुणचाराला साथ देते.