मेहनत कोणाच्या खात्यावर?

कापडाच्या धंद्यात उमर गेली. त्यामुळे आम्हांला एक खोड लागली आहे. कुठल्याही मुलुखाची हकीकत कानावर आली की आम्ही आधी तीन सवाल करतो. तिथली माणसे अंगावर काय घालतात? ते कोण बनवते? आणि पैसा शेवटी कोणाच्या गल्ल्यात जातो? आफ्रिकेतल्या मोचुडी गावाबद्दल वाचताना आम्ही हेच सवाल केले. जे हाती लागले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या कामाचे आहे, म्हणून हा प्रपंच.

मोचुडी हे बोट्स्वाना देशातले गाव. राजधानी गाबोरोनच्या ईशान्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर. २०११ च्या खानेसुमारीत तिथली वस्ती ४४ हजारांवर होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिका असते, पण तिथे ते गावच आहे. कारण रिवाज गावाचे आहेत. जुन्या पद्धतीप्रमाणे एका कुटुंबाचे तीन ठिकाणी बिऱ्हाड असते : गावात घर, लांब शेतावर झोपडी आणि त्याहून लांब गुरांचा तळ. गुरे हीच तिथली बँक आणि गुरे हाच सोयरिकीचा व्यवहार. लग्नात वराकडचे लोक वधूच्या घरी गुरे पोहोचवतात. गावाच्या मध्यभागी 'कगोट्ला' म्हणजे पंचायतीची जागा. मुखियासमोर तंटेबखेडे तिथेच निघतात. मुखिया हा लोकांमुळे मुखिया, अशी त्यांच्या बोलीत म्हण आहे.

आता या गावाच्या जन्माची हकीकत ऐका. इथले बकगाट्ला लोक आधी आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये राहत. तिथल्या गोऱ्या बोअर लोकांनी बंधारा बांधायला घेतला आणि त्यांच्याकडून फुकट वेठ मागितली. दगडांच्या गाड्यांना बैलांच्या जागी माणसे जुंपली. मुखिया कगामान्याने याने माणसे द्यायला इन्कार केला. तेव्हा १८७० मध्ये पॉल क्रूगरने, जो पुढे ट्रान्सवालचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याला चारचौघांत चाबकाचे फटके मारले. मुखियाने आपल्या बहुसंख्य लोकांसह तो मुलूख सोडला. १८७१ मध्ये ते मोचुडीला येऊन वसले. म्हणजे हे गाव उभे राहिले ते वेठीला दिलेल्या नकारावर.

पन्नास वर्षांनी त्याच लोकांनी पुन्हा ओझी वाहिली. १९२१ मध्ये इसांग पिलाने याच्या हाती गावाचा कारभार आला. गावावरच्या फुथादिकोबो टेकडीवर स्वतःची शाळा बांधायचे ठरले. पैसा गावाने जमवला आणि मेहनतही गावाचीच. त्यांच्यात एका वयाच्या तरुणांची तुकडी असते, बायकांच्याही तुकड्या असतात. या तुकड्या कामाला लागल्या आणि विटा टेकडीवर चढल्या. दोनेक वर्षांत शाळा उभी राहिली. आज त्याच इमारतीत गावाचे वस्तुसंग्रहालय आहे, ते १९७६ मध्ये सुरू झाले.

कोणी म्हणेल, तुकडीला बोलावणे आल्यावर नाही कोण म्हणणार? खरे आहे. मुखियाचा हुकूम मोडणे सोपे नव्हते आणि ती सगळी खुशीची मेहनत होती असे आम्ही म्हणणार नाही. पण फरक डोळ्यांआड करता येत नाही. ट्रान्सवालचा बंधारा दुसऱ्याच्या शेताला पाणी देणार होता. टेकडीवरच्या शाळेत वाहणाऱ्याचीच मुले शिकणार होती. पाठीवरचे ओझे तेवढेच, खाते वेगळे.

आता कापडाकडे येऊ. लग्नकार्यात तिथल्या बायका 'लेतेइसी' नावाच्या छापील सुती कापडाचे पोशाख घालतात आणि खांद्यावर चौकड्यांची शाल घेतात. निळ्या जमिनीवर बारीक पांढरी बुट्टी, कडक खळ, धुतल्यावर मऊ. हे कापड त्यांच्या इज्जतीचे कापड आहे. पण ते मोचुडीत ना विणले जाते ना छापले जाते. या निळीच्या कापडाची मूळ वाट आपल्या हिंदुस्थानातून गेलेली आहे. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून निळीत रंगवलेले सुती कापड केपला उतरत असे. पुढे युरोपातल्या कारखानदारांनी तशीच छपाई करून तो बाजार काबीज केला. १९८२ पासून दक्षिण आफ्रिकेतला कारखानाही ते छापू लागला. नेसणारी बाई तीच, पसंती तिची, रिवाज तिचा. मुनाफा मात्र आधी समुद्रापार आणि मग सरहद्दीपार.

तिथे हुनर नाही असे समजू नका. घराच्या अंगणाभोवती मातीची बुटकी भिंत घालून, शेण-मातीचा हात फिरवून त्यावर बोटांनी नक्षी काढणे ही तिथल्या बायकांची जुनी कला. पावसाने धुतली की पुन्हा काढायची. सिमेंट आणि पत्रा आल्यावर ही नक्षी कमी झाली. या हुनराला भिंत होती, बाजार नव्हता.

बाजार मिळाला तर काय होते तेही त्याच भागात पाहायला मिळते. गाबोरोन आणि मोचुडीच्या दरम्यान ओडी नावाचे लहान गाव आहे. १९७३ मध्ये उल्ला आणि पेडर गोवेनियस या स्वीडिश जोडप्याने तिथे हातमागाचा कारखाना काढला. लोकरीच्या विणकामात गावातल्या बायका आपलीच जिंदगी चितारू लागल्या : गुरे, शेत, खाणीत मजुरीला गेलेले मर्द. मोठी गोष्ट ही की कारखाना विणणाऱ्यांच्या मालकीचा व्हावा असाच इरादा होता. परदेशी गिऱ्हाईक मिळाले. पण दूरच्या शौकिनावर चालणारा धंदा नाजूक असतो. तो आला नाही की माग थांबतो. रोजच्या वापराचा माल आणि जवळचे गिऱ्हाईक हा धंद्याचा पाया असतो, तो तिथे कच्चा राहिला.

राजधानी शेजारी असणे ही बरकतही आहे आणि आफतही. १९६६ मध्ये देश आझाद झाला, त्याच सुमारास गाबोरोन शहर जवळजवळ नव्याने वसवले गेले. मोचुडीच्या तरुणांना नोकरी जवळ मिळाली. सकाळी गाडीने जायचे, संध्याकाळी परत यायचे. पण पगार शहरात मिळाला की खरेदीही शहरातच होते आणि तिथे दक्षिण आफ्रिकेच्या मोठ्या दुकानांचा बोलबाला आहे. गावात माणसे झोपायला येतात, पैसा येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मोचुडीच्या लोकांनी वेठ नाकारली, शाळा स्वतः बांधली, पंचायत टिकवली. एवढा जीवट असलेल्या गावालाही आपले लग्नाचे कापड बाहेरून आणावे लागते. म्हणजे नुसत्या इज्जतीने आणि मेहनतीने धंदा उभा राहत नाही. सूत कोणाचे, छपाई कोणाची, दुकान कोणाचे, हा हिशोब मांडावाच लागतो. मालेगाव-भिवंडीत बारा बारा तास मजुरीवर माग चालवणाऱ्या आमच्या भावांना हे वेगळे सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचे, माल व्यापाऱ्याचा, आपला फक्त घाम. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, म्हणून हे लिहिताना आमचीही मान थोडी खाली जाते. पण चार कारागिरांनी मिळून स्वतःचे सूत घेतले आणि स्वतःच्या नावाने माल विकला, तर आम्ही तो रास्त भावाने घ्यायला तयार आहोत. त्यात आमचेही नुकसान नाही. ओझे तर आपण रोज उचलतोच. ते कोणाच्या टेकडीवर चढते आहे, एवढे एकदा पाहून घ्यावे.