नवस कोणता होता?

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आणि आमचे हे पाठीवर एकेक पिशवी अडकवून कोकणात गेलो. श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने, कधी एस. टी.ने, कधी फेरीबोटीने आणि पुष्कळदा पायी, नऊ दिवस हिंडलो आणि परत आलो. हकीकत एवढीच. परंतु परत आल्यापासून आज वर्ष होत आले तरी शिरूरच्या बाजारात, शाळेच्या दारात, हळदीकुंकवाच्या बैठकीत मला एकच प्रश्न विचारला जातो : “कशासाठी गेला होता?”

या प्रश्नाशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढू नये हे मला कळते. पण चिवड्यातही एखादी मिरची दाताखाली येतेच, आणि तिच्यावाचून चिवड्याला चव नाही.

मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. एका खेड्यातल्या शाळेत बालवर्गाला शिकवते आणि रात्री घर निजल्यावर लिहिते. आजवर तीन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. माझे माहेर दौंडचे. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणी गाड्या जाताना पुष्कळ पाहिल्या; त्यांत बसून कुठे गेले मात्र थोडी. सासर शिरूरचे. आमच्या यांचे विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करण्याचे दुकान आहे. मुलगा पुण्याला शिकतो. म्हणजे आम्ही चारचौघांसारखी माणसे, आणि आमचा गुन्हा काय तो असा, की दुकानाला नऊ दिवस कुलूप लावून नवरा-बायको हिंडायला गेली.

“बायकोला हिंडवायला दुकान बंद ठेवलं!” असे एक गृहस्थ यांना तोंडावर म्हणाले. याच गृहस्थांनी मुलाच्या लग्नात चार दिवस दुकान बंद ठेवले होते आणि कानठळ्या बसवणाऱ्या वाजंत्रीवर जेवढा पैसा उधळला, त्याच्या दहाव्या हिश्शात आमचे नऊ दिवस बसले. ती उधळण शोभेची आणि आमचे हिंडणे छचोरपणाचे!

आमच्या भागात बाईने घराबाहेर पडायला कारणे ठरलेली आहेत. माहेरी जायचे तर कुणाचे तरी बाळंतपण हवे. परगावी जायचे तर लग्न हवे, नाहीतर मयत. तालुक्याला जायचे तर दवाखाना. दूर जायचे तर देव. या यादीत “मला पाहावेसे वाटले म्हणून” हे कारण कुठेच नाही. नवऱ्याबरोबर जायचे असले तरी नाही. उलट नवऱ्याबरोबर असले तर लोक अधिकच हसतात. ‘पंचेचाळिशीत हे काय सुचलं?’ असा तो हसण्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, पायी चालण्याची आपल्याकडे रीतच नाही. हे साफ खोटे आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला, आमच्या दौंड तालुक्यात, मुक्काम करून पुढे जाते. तिच्याबरोबर हजारो बाया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन, पाठीवर बोचके टाकून, पावसापाण्यात चालतात. त्यांना कुणी हसत नाही. वाटेवरचे लोक त्यांच्या पाया पडतात, आणि ते योग्यच आहे.

कुणी म्हणेल, नवरा-बायकोने जोडीने गाव सोडून जाण्याची रीत नाही. हेही खोटे. दिवाळी सरली की दौंड आणि शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बीड, नगरकडची तोडणीवाली कुटुंबे उतरतात. त्यांच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपे. संसार गाडीत टाकून, कडेवर लेकरू घेऊन ती बाई नवऱ्याबरोबर शेकडो कोस येते, पहाटे अंधारात फडात उतरते. तिला आजवर कुणी विचारले आहे का, की बाई, नवऱ्याबरोबर कशासाठी निघालीस? नाही. कारण ती राबायला निघाली आहे.

म्हणजे आक्षेप चालण्याला नाही, पाठीवरच्या ओझ्याला नाही, जोडीने जाण्यालाही नाही. बाई पुण्य मिळवायला चालली तर चालेल, पोट भरायला चालली तर चालेल. तिला आनंद व्हावा म्हणून ती चालली, की तेवढे मात्र चालत नाही. मुळाशी एवढेच आहे. बाकी दुकानाचे कुलूप, पैसा, लोकलाज ही सगळी वरची सालपटे.

एस. टी.चेच पाहा. १ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातली पहिली एस. टी. धावली ती पुणे-नगर रस्त्यावर, म्हणजे आमच्या शिरूरवरून. त्या गाडीचा आम्हां शिरूरकरांना फार अभिमान. पुढे पंचाहत्तर वर्षांनी, १७ मार्च २०२३ पासून, सरकारने एस. टी.त बायकांना निम्मे तिकीट केले. तेव्हा याच अभिमानी शिरूरच्या स्टँडवर मी काय ऐकले? “आता बायका उगीच हिंडायला लागतील!” मी म्हणते, लागू द्या की! उगीच हिंडणे ही काय पुरुषांची वतनदारी आहे? संध्याकाळी पारावर, पानाच्या टपरीवर, चौकात जे तासन् तास उभे असतात, ते काय नवस फेडायला उभे असतात?

पुस्तकात मात्र आपल्याला हे सारे आवडते. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई विलायतेला गेले आणि त्या प्रवासावरची ‘अपूर्वाई’ १९६० साली निघाली. मग पूर्वेकडच्या देशांवरचा ‘पूर्वरंग’ १९६३ साली आला. दोन्ही पुस्तके मराठी घरांनी डोक्यावर घेतली. ‘कशासाठी गेला होता?’ असे त्या जोडप्याला विचारायचे कुणाच्या मनात आले नाही. दुसऱ्याचे हिंडणे वाचून आपण खुशीत येतो. घरातली सून हिंडायला निघाली की आपल्या कपाळाला आठी पडते.

माझ्या हाताखाली अक्षरे गिरवलेली एक मुलगी आता रांजणगावच्या एम. आय. डी. सी.त नोकरी करते. नवराही तिथेच. ही दोघे पाठीवर पिशव्या घेऊन व्हिएतनामला गेली. हनोईपासून हो चि मिन्ह शहरापर्यंत १,७२६ किलोमीटरची रेल्वे आहे, आणि तिचा बराच भाग समुद्राला धरून जातो. कधी त्या गाडीने, कधी बसने, हुए, दा नांग, होई आन अशी गावे करीत ती किनाऱ्याने खाली उतरली. स्वस्तातल्या खोलीत राहिली, रस्त्यावर जेवली. परत आल्यावर मला फोटो दाखवले. मी म्हटले, “अगं, सासूबाईंनाही दाखव की.” तशी ती हळूच म्हणाली, “नको बाई. त्यांना आम्ही कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो म्हणून सांगितलंय.”

स्वतः कमावणारी मुलगी, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नवऱ्याबरोबर परदेशी जाते, आणि तिला खोटे सांगून जावे लागते! मला तिचा राग आला. पण तिला बोल लावण्याआधी मला माझे झाकलेले उघडे केले पाहिजे. कारण मीही खोटेच बोलून गेले होते. सासूबाईंना मी सांगितले होते, “गणपतीपुळ्याचा नवस आहे, तो फेडून येतो.” नवस कसला नि काय! मला समुद्राच्या काठाने चालायचे होते. आमची घोडनदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी पार पूर्वेच्या समुद्राला जाते; पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून मी तो पंचेचाळीस वर्षांत दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मुंबईला, लग्नाच्या वऱ्हाडात, घाईघाईने. हे खरे कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही. तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईची ही गत!

श्रीवर्धनला ज्या घरी आम्ही उतरलो, त्या घरच्या वहिनींनी पहिल्याच रात्री जेवायला वाढताना विचारले, “इकडे काय काम काढलंत?” मी सवयीने नवसाचे नाव घेणार होते. पण त्या घराच्या मागे सुपारीची बाग होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती जवळजवळ सगळी आडवी झाली आणि त्यांनी ती नव्याने लावली होती. ती पुरुषभर वाढलेली रोपे त्यांनी कंदील धरून आम्हाला कौतुकाने दाखवली होती. त्या बाईशी खोटे बोलवेना. “काही काम नाही. समुद्र बघायला आलोय,” असे मी म्हटले. जन्मात पहिल्यांदा म्हटले. त्या म्हणाल्या, “मग हरिहरेश्वरला ओहोटीची वेळ विचारून जा,” आणि आमटी वाढून आत गेल्या. आभाळ कोसळले नाही.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला चालत गेलो, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले करीत हर्णैला आलो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या आणि वाळूत उभ्या राहून बाया खणखणीत आवाजात बोली बोलत होत्या. आमचे हे माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमच्या भिशीपेक्षा आवाज मोठा आहे.” बावीस वर्षांच्या संसारात आम्ही वीज, पाणी, फी आणि पाहुणे यांविषयी बोललो तेवढे बोललो. चालताना माणूस दुसरे काही बोलतो, हे मला त्या वाटेवर कळले. यांना लहानपणी बोटीवर खलाशी व्हायचे होते, हे मला दाभोळच्या फेरीत उभी असताना समजले. ज्याच्याबरोबर एवढी वर्षे काढली त्याच्याविषयी हे ठाऊक नसणे, याला काय म्हणावे?

हर्णैच्या पुढे मुरूड आहे, महर्षी कर्व्यांचे गाव. याच गावातून कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. पुढे १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळाले. मुरूडच्या किनाऱ्यावर बसून मी मनाशी म्हटले, की गावाला जोडपे चालते, पण गावाने आखलेल्या रेघेवरूनच चाललेले. आमची गोष्ट त्यापुढे मुंगीएवढी आहे, मला माहीत आहे. त्या दोघांनी बहिष्कार सोसला आणि मला नुसते चार शब्द सोसवेनात. म्हणून तर लाज वाटली.

शिकलेल्या माणसांचे कारण निराळे असते. ती म्हणतात, “अच्छा, नव्या कादंबरीसाठी गेला होतात!” हे सभ्य भाषेतले तेच विचारणे आहे. देवासाठी नाही तर निदान साहित्यासाठी तरी गेला असाल! मी सांगते, नाही. त्या नऊ दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही.

“गरिबाला हे परवडते का?” असाही एक प्रश्न येतो, आणि तो मात्र खरा आहे. उसाच्या फडातल्या जोडप्याला आमचे नऊ दिवस परवडणार नाहीत, हे मला दिसते. पण म्हणून ज्याला परवडते त्याच्या बायकोने घरात बसावे, हा न्याय कुठला? फडातल्या बाईलाही कधी काळी विनाकारण समुद्र पाहता यावा, अशी इच्छा आपण धरली पाहिजे.

आता शेवटचे. घरी आल्यावर मी गणपतीपुळ्याचा प्रसाद सासूबाईंच्या हातावर ठेवला. देवळात आम्ही गेलो होतो, ते काही खोटे नव्हते. त्यांनी प्रसाद कपाळाला लावला आणि विचारले, “नवस कोणता होता ग?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “मी अकरा वर्षं वारी केली. गर्दीत दर्शन व्हायचं ते कळसाचंच. पण चालायला मिळायचं बघ. तेवढे दिवस घरातनं कुणी हाक मारायचं न्हाई.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई. देवाविषयी तिच्या मनात तिळमात्र किंतु नाही. पण तिलाही मोकळ्या आभाळाखाली चालावेसे वाटत होते, आणि त्यासाठी घराला सांगायला देवाचे नाव घ्यावे लागले. तिने पांडुरंगाचे नाव घेतले, मी गणपतीचे, आणि माझ्या विद्यार्थिनीने कंपनीचे. तीन पिढ्यांत बदलले ते एवढेच.

यंदा भाऊबीजेनंतर आम्ही रत्नागिरीपासून पुढे, पूर्णगड, विजयदुर्ग करीत मालवणकडे निघणार आहोत. सासूबाई रत्नागिरीपर्यंत बरोबर येणार आहेत, तिथे दोन दिवस समुद्र पाहून यांच्या मावसभावाबरोबर परत फिरतील. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस. टी. फुकट आहे, याची आठवण त्यांनीच मला करून दिली. या वेळी मी कुणाला नवसाचे नाव सांगितलेले नाही.

तुमच्या घरातली कुणी सून, आई, बहीण या सुट्टीत अशीच म्हणाली, की मला अमुक एक गाव पाहावेसे वाटते, तर तिला कारण विचारू नका. विचारायचेच असेल तर एवढेच विचारा : गाडी किती वाजता आहे, आणि शिदोरीला काय देऊ?