हाडें आणि अंथरूण

सुश्रुतानें हाडें ३०० मोजलीं, चरकानें दांत-नखें धरून ३६०. आजचें शारीरशास्त्र प्रौढ मनुष्याचीं २०६ मानतें. परंतु वाचकहो, हाड म्हणजे निर्जीव तुळई नव्हे. स्नायु हाडास ओढूं शकतो, ढकलूं शकत नाहीं. म्हणून कोपर वांकविणारा एक, सरळ करणारा दुसरा. ह्या ओढाताणीवर आणि देहाच्या भारावरच हाड पोसतें. अंतराळांत महिनोन्महिने भाराविना राहिलेल्या वीरांच्या कंबरेच्या हाडांची घनता महिन्यास शेंकडा एक-दीड घटलेली आढळली आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वहिनींचा पाय मुरगळला. डॉक्टरांनीं चालवा म्हणून सांगितलें. आम्हींच मायेनें त्यांस दोन महिने उठूं दिलें नाहीं. आतां त्यांना उंबरठा ओलांडवत नाहीं. पाण्याचा तांब्या अंथरुणाशीं नेऊन ठेवणारा मीच.