भजनाची वही नदीत सोडू नका

नवदीक्षित बंधुभगिनींनो,

दीक्षाविधी आटोपून आपण घरी परतता, तेव्हा पहिले काम देव्हारा हलविण्याचे असते. ते योग्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्या तीन त्याविषयीच आहेत. परंतु देव्हाऱ्याबरोबर पुष्कळदा आणखी एक वस्तू घराबाहेर जाते. ती म्हणजे भजनाची वही. तिच्याविषयी आज आम्हांस आपल्याशी बोलावयाचे आहे.

आमच्या घरी हेच घडले. आजोबा गावच्या भजनी मंडळात एकतारीवर गात असत. दीक्षेनंतर वडिलांनी देवांच्या तसबिरी नदीत सोडल्या व त्यांबरोबर ती वहीही सोडली. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु पुढे आईकडून कळले, की वहीच्या शेवटच्या पानांवर आजोबांनी स्वतः रचलेली बाबासाहेबांवरील गीते होती. त्यांतील एका गीताची चाल आईला अजून आठवते. शब्द मात्र एकही आठवत नाही.

आपण म्हणाल, ज्या वहीत विठ्ठलाचे अभंग आहेत ती बौद्धाने घरात का ठेवावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. प्रतिज्ञांचे शब्द नीट वाचा. देवांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, असे आपण म्हटले आहे. आपले पूर्वज काय गात होते याची आठवण ठेवणार नाही, असे आपण कोठेही म्हटलेले नाही. उपासना ही एक गोष्ट आहे आणि साक्ष ही दुसरी. उपासना सोडावयाची, साक्ष जपावयाची.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. त्यांचे वडील रामजी हे कबीरपंथी होते आणि घरात नित्य भजन होत असे. १९२० साली निघालेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी त्यांनी तुकोबांचा अभंग छापला, तर १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतील ओव्या. हे सारे धर्मांतरापूर्वीचे आहे, असे कोणी म्हणेल. तर मग पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी येवले येथे १९३५ साली केली. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९४८ साली, अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास व चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्याने मंदिराची वाट कायमची सोडावयाचे ठरविले होते, त्याने मंदिराच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला टाकून दिले नाही. चोखोबांचे अभंग हा त्या दाराबाहेर उभे राहण्याचा पुरावा आहे. सोयराबाईंनी विटाळाविषयी जे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही शास्त्र्याला देता आलेले नाही. हा पुरावा आपणच बुडवावा काय?

आता त्याहून तातडीची गोष्ट. पुरुषांजवळ निदान वही होती. आपल्या आयाबायांजवळ तीही नव्हती. त्यांचे सारे भांडार जात्यावरच्या ओवीत होते. खेडोपाडी पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओवीही मुकी झाली. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतरच्या दशकांत गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांच्या, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. ज्यांना शाळेचे दार उघडले नाही, त्या स्त्रिया दळता दळता धर्मांतराचा इतिहास रचीत होत्या. परंतु एका संग्रहाने महाराष्ट्र पुरा होत नाही. आपल्या गावातील म्हातारीकडे कोणी गेले होते काय, हा प्रश्न आपणच स्वतःला विचारावयाचा आहे. वामनदादा कर्डक यांची गीते पुस्तकांत राहिली. ज्यांचे पुस्तक निघाले नाही, अशा गावोगावच्या गायकांचे काय?

गाणे जपणे हे बौद्धाला परके आहे, असेही समजू नका. बुद्धवचन शेकडो वर्षे केवळ कंठातच राहिले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ते सिंहलद्वीपात लिहिले गेले. ते मुखोद्गत ठेवणाऱ्यांना भाणक म्हणत. सोपाऱ्याच्या अशाच एका भाणकाच्या दानाचा लेख आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबावर आजही आहे. पाणी वाहणारी दासी पुण्णिका हिने स्नानाने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला जे सुनावले, ते थेरीगाथेत आपण वाचतो. कोणी तरी ते ऐकून ध्यानात ठेवले, म्हणूनच वाचतो.

तेव्हा या वर्षावासात एवढे करा. घरातील वा शेजारातील वृद्ध स्त्रीपुरुषांजवळ बसा. आज हातोहाती मोबाइल आहे. त्यांच्या अनुमतीने त्यांचे गाणे त्यात मुद्रित करा आणि मग ऐकून वहीत उतरवा. म्हातारी 'पानी' म्हणाली तर 'पानी'च लिहा. तिची बोली सुधारण्याचा अधिकार आपल्याला नाही. विठ्ठलाच्या जागी बुद्धाचे नाव घालू नका, कारण तसे केल्याने ना बुद्धाचा मान वाढतो, ना आजीचे खरेपण राहते. जुने जातिवाचक नाव आले तरी खोडू नका; लाज वाटावयाची असेल तर ती ज्यांनी ते नाव लादले त्यांना वाटू द्या. प्रत्येक गीताखाली गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक आणि ते कोणत्या प्रसंगी गात असत, हे नोंदवा. एक प्रत घरी ठेवा, एक विहारात द्या. विहारात ती ग्रंथांच्या कपाटात असावी. तिला हार घालू नये की उदबत्ती ओवाळू नये.

जयंतीच्या मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंती उभ्या करण्यास आपण वर्गणी काढतो. त्या आवाजाखाली दारात बसलेल्या आजीचा आवाज ऐकू येत नाही. ती गेली, की तो पुढे कधीच ऐकू येणार नाही. आमच्या आईला जी एक चाल आठवते, ती आम्ही मुद्रित करून ठेवली आहे. शब्दांची जागा रिकामीच आहे. आपल्या घरी तशी रिकामी जागा राहू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.

जय भीम!